नव्या आवृत्तीला चार माणसं लागतात

मोठ्या कंपनीनं खेळाची नवी आवृत्ती काढली, ही बातमी मला खेळांच्या दुकानदारानं सांगितली. मी त्या वेळी त्याच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीपाशी उकिडवा बसून माझ्याच पुस्तिकांवरची धूळ रुमालानं पुसत होतो. लेखकानं स्वतःच्या पुस्तकांची धूळ स्वतः पुसू नये असा काही नियम नाही. असलाच तर तो ज्यांची पुस्तकं वरच्या फळीवर असतात त्यांच्यासाठी असेल.

"साहेब," दुकानदार माझ्या डोक्यावरून म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून ही फळी नव्या आवृत्तीला. तुमचं त्यातलं काही असेल तर ठेवतो. नाहीतर हे घेऊन जा. जागा अडते."

इथं जरा समजावून सांगायला हवं, कारण मी नेमकं काय करतो हे माझ्या सख्ख्या भावालाही अजून कळलेलं नाही. हा खेळ पटावरचा नाही आणि पत्त्यांचाही नाही. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगायला लागतो, 'तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशी उभे आहात.' बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी जादूगार, कुणी चोर, कुणी योद्धा. चोर म्हणतो, मी कुलूप उघडतो. मग फासे टाकायचे. दान चांगलं पडलं तर कुलूप उघडतं, वाईट पडलं तर चोराचं बोट अडकतं. एवढंच. नियमांचं जाडजूड पुस्तक मोठी कंपनी छापते. पण नुसत्या नियमांनी गोष्ट होत नाही, आणि गोष्ट काही प्रत्येकाला सुचत नाही. म्हणून माझ्यासारखे छोटे प्रकाशक तयार गोष्टींच्या पुस्तिका काढतात. किल्ला असा आहे, तळघरात अमुक राक्षस आहे, खेळा. मी दिवसा पाणीपुरवठा खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकतो आणि उरलेल्या वेळात राक्षस घडवतो. एका कामाचा दुसऱ्याला फार उपयोग होतो.

आता, नियम बदलले की जुन्या गोष्टी लंगड्या पडतात. माझा दलदलीतला राक्षस जुन्या आवृत्तीत चौघांना पुरून उरायचा. नव्या आवृत्तीत म्हणे त्याला एखादा नवशिका जादूगार चहा पिता पिता लोळवतो. म्हणजे नव्या आवृत्तीमागे जायचं तर सगळ्या पुस्तिका पुन्हा लिहायच्या, पुन्हा छापायच्या. न जावं, तर फळी गेली. आणि जावं, तर जुने वाचक विचारणार की आम्ही घेतलेल्या पुस्तिकांचं काय करू, उशाला घेऊ? माझ्यासारख्या छोट्या प्रकाशकानं अशा वेळी काय करावं, हा प्रश्न मी पुस्तिकांच्या दोन पिशव्यांसकट घरी आणला.

बायको घरी असती तर तिनं तो दारातच निकालात काढला असता. पण ती लेकीकडे गेलेली आहे. नातू झाला तेव्हा, 'बाळ जरा बसायला लागलं की येते' असं सांगून गेली. बाळ बसायला लागलं. मग ते रांगायला लागलं, आणि रांगणाऱ्या मुलाला एका माणसानं सांभाळणं शक्य नसतं. मग ते उभं राहायला लागलं, आणि धरायला कोणीतरी हवं होतं. आता ते पळतं. पळणाऱ्या मुलाला टाकून कुठली आजी येईल? मी फोनवर फक्त विचारतो, "काय करतोय?" ती म्हणते, "पळतोय." मग आम्ही दोघंही थोडा वेळ तो पळत असल्याचा आवाज ऐकतो.

तिला मी आवृत्तीचं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, नवी काढा नाहीतर जुनी काढा, आधी गॅसचं बटण बंद केलंत का बघून या."

सल्ल्याची मात्र आपल्याकडे कधी टंचाई नसते. तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते जिन्यात भेटले. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "साधं आहे. दुखत नसेल तर काढू नये. दुखायला लागलं तर ठेवू नये." मी म्हटलं, "डॉक्टर, थोडं थोडं दुखतंय." त्यावर ते म्हणाले, "मग एकदा फोटो काढून बघू," आणि वर निघून गेले. खरं तर ते खाली चालले होते.

मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रविवारी आला. प्रत्येक नवी वस्तू पहिल्या दिवशी घ्यायची आणि पहिल्या आठवड्यात तिला नावं ठेवायची हा त्याचा धर्म आहे. "भावोजी," तो म्हणाला, "काळाबरोबर राहायला पाहिजे. जुन्याला धरून बसलात तर म्युझियममध्ये जाल." मी विचारलं, "तुझा तो नवा फोन कसा आहे?" म्हणाला, "अगदी भिकार. जुना बरा होता."

शेवटी मी नव्या आवृत्तीच्या बाजूनं कौल दिला. कारण तात्त्विक वगैरे काही नव्हतं. फळी गेली तर महिन्यातून एकदा दुकानात जायचंही कारण उरणार नव्हतं, आणि तो दुकानदार माझ्याशी पाच मिनिटं तरी बोलायचा. मी दलदलीतल्या राक्षसाला जरा दणकट केलं, 'खाणीतला शाप' नावाची नवी गोष्ट नव्या नियमांवर बसवली आणि कंपनीच्या परवाना विभागाला फोन लावला. एक बाई बोलत होत्या. आवाज गोड होता, पण इस्त्री केलेला.

"आपल्या संस्थेत कर्मचारी किती?"

"संपादक, चित्रकार, मुद्रितशोधक, विक्री आणि पार्सल."

"म्हणजे पाच?"

"कामं पाच."

"विधी विभागाशी जरा बोलायचं होतं."

मी फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला, घसा खाकरला आणि म्हणालो, "बोला."

"आपणच विधी विभाग का?"

"आत्तापासून."

मग त्यांनी अट सांगितली. नव्या नियमांवरची गोष्ट किमान चार खेळाडूंबरोबर खेळून बघायची आणि त्यांची मतं कंपनीला कळवायची. सूत्रधार सोडून चार. त्याशिवाय परवाना नाही.

"चारही पात्रं मीच खेळलो तर?"

"सर, मतं वेगवेगळी लागतात."

"माझी असतात."

"सर," त्या म्हणाल्या. त्या एका 'सर'मध्ये आदर सोडून बाकी सगळं होतं.

चार माणसं! एक काळ असा होता की चार काय, सातजण यायचे आणि शेवटचा दारातल्या पायपुसण्यावर बसायचा. पण आमचा जादूगार परदेशी गेला, चोराची बदली झाली आणि योद्ध्याला पाठीचं दुखणं लागलं. त्याला डॉक्टरांनी बसायलाच मनाई केली आहे. तो बिचारा आता उभ्यानं जेवतो. आमच्यात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर समेट तरी करता आला असता. नुसतंच 'या आठवड्यात जमत नाही' असं होत गेलं, आणि एके दिवशी लक्षात आलं की आता कोणी तसं कळवतही नाही.

मग मला युक्ती सुचली. माझ्या पुस्तिका टपालानं मागवणारे वाचक आहेत. पार्सल विभाग मीच असल्यामुळे त्यांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत. त्यांना चाचणी-खेळाला बोलवावं. ज्यांनी इतके दिवस माझे किल्ले सर केले, माझ्या दलदली तुडवल्या, त्यांचा सल्लाही मिळेल. मी खुर्ची ओढली आणि फोन करायला बसलो.

पहिल्या गृहस्थांना मी अभिमानानं विचारलं, "दलदलीतल्या राक्षसाला कसं मारलंत?"

"मारलं नाही," ते म्हणाले. "खेळलोच नाही कधी. झोपताना वाचतो. छान झोप लागते."

ही काही लेखकाला सांगायची गोष्ट आहे? दुसऱ्या एका बाई होत्या. त्यांच्याकडे माझ्या सगळ्या पुस्तिका होत्या. एकही खेळलेली नव्हती. "खेळायला माणसं कुठाहेत?" त्या म्हणाल्या. "नकाशे बघते. तुमचे नकाशे फार सुरेख असतात. बोटानं फिरते मी त्यातून." तिसऱ्यानं फासे विकत घेतले होते, पण डब्यातून अजून काढले नव्हते. पुढं मी विचारायचंच सोडलं. ज्या राक्षसाची ताकद मी एकेका आकड्यानं तोलून मापून ठेवली होती, त्याच्या अंगाला आजपर्यंत कुणाची तलवार लागली नव्हती. तो आपला दलदलीत बसून होता. वाट बघत.

शेवटचा फोन हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना होता. ते आमच्याच शहरात राहतात. मी नाव सांगताच ते म्हणाले, "बरं झालं फोन केलात! तुमच्या हिमपर्वताच्या पुस्तिकेत वारा एकाच रात्री तीन दिशांनी वाहतो. असं होत नाही."

"जादूचा पर्वत आहे तो."

"असेल. पण वाऱ्याला काय माहीत?"

मी त्यांना चाचणीचं सांगितलं. पलीकडून पुस्तिकेची पानं चाळल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मला खेळता येत नाही हो. पण येतो."

एक झाले. डॉक्टरांना मी जिन्यात गाठलं. ते खाली चाललेले असोत की वर, हो म्हणाले. मेव्हणा नवी आवृत्ती म्हटल्यावर येणारच होता. चौथ्या म्हणून समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाईंना विचारलं. त्यांनी 'मारामारी असेल तर मी नाही' असं बजावलं. मी म्हटलं, तुम्ही वैद्य व्हा, मारामारी झाल्यावर कामाला या. त्यावर त्या तयार झाल्या.

आता जागा. आमचं जेवणाचं टेबल दोघांपुरतं आहे, म्हणून मी वाचनालयाच्या मागची खोली मिळते का बघायला गेलो. तिथल्या कारकुनानं विचारलं, "कार्यक्रम कसला?"

"खेळ आहे. बैठा."

"साहित्य काय आणणार?"

"कागद, पेन्सिली, फासे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "फासे म्हणजे जुगार."

"पैसे लावत नाही आम्ही."

"मग टाकता कशाला?"

"गोष्टीत पुढं काय होणार ते ठरवायला."

"ते लेखकानं ठरवायचं असतं," तो म्हणाला. आजूबाजूला कपाटंच्या कपाटं भरून लेखक उभे होते, तेही त्याच्याच बाजूचे वाटले. "आणि तुम्ही प्रकाशक म्हणताय, तर तुमची पुस्तकं आमच्याकडे आहेत का?"

मी म्हणालो, "जागा अडते," आणि बाहेर पडलो.

म्हणजे घरीच. बैठकीतला दिवाण बाहेर काढला, म्हणजे काढायला गेलो. तो दारात अडकला. तो ना आत ना बाहेर अशा अवस्थेत असताना मला पाणीपुरवठा खात्यातून फोन आला, तो मी दिवाणाच्या खालून रांगत जाऊन घेतला. दोन घरांपलीकडच्या सुतारानं दिवाणाचा एक पाय कापून मला मोकळं केलं आणि दिवाण परत आत ढकलला. मग बायकोची शिलाई मशीन आणि जेवणाचं टेबल एकमेकांना जोडून वर चादर घातली. उंची थोडी कमीजास्त झाली. डोंगराळ मुलुख म्हणून खपून जाईल असं मी ठरवलं.

राहिल्या खुर्च्या. त्या इमारतीच्या सेक्रेटरींकडे असतात, कुलपात.

"कोणी गेलंय का?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही."

"मग मीटिंग?"

"तसं नाही. म्हणजे लोक जमणार आहेत."

"खुर्च्या दोनच कारणांसाठी मिळतात. मयत नाहीतर मीटिंग."

मी जरा विचार केला आणि मीटिंग म्हणालो. माणसानं आयुष्यात एवढी सावधगिरी बाळगावी की दोनपैकी एक कारण निवडायची वेळ आली तर आधी तिसरं दार शोधावं. पण खुर्च्या मिळाल्या. मी त्या दोन-दोन करून जिना चढवत होतो, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकानं माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. शेवटची खुर्ची ठेवतो न ठेवतो तोच बायकोचा फोन.

"अहो!" तिला धाप लागली होती. "कोण गेलं? मला आत्ता वरच्या मजल्यावरनं फोन आला, तुम्ही खुर्च्या नेल्यात म्हणून!"

"कोणी गेलं नाही. उलट येणार आहेत."

"तुम्ही बरे आहात ना?"

"मीच वाहून आणल्या म्हटल्यावर बराच असणार."

ती हसली. "माझा जीव किती खालीवर झाला माहितीय?" ती म्हणाली. मागून पळण्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, आणि ती "थांबा हं" म्हणून गेली. मी थांबलो. बराच वेळ थांबलो. मग फोन आपोआप बंद झाला.

रविवारी दुपारी मी तयार होतो. चार खुर्च्या, चार पेन्सिली, चार फाशांचे जोड, बिस्किटं. ठरल्या वेळेच्या आधीच बेल वाजली. दारात एकदम सहा-सातजण, पुढं सेक्रेटरी. त्यांनी म्हणे फळ्यावर सूचना लावली होती की पाणीखात्याच्या साहेबांकडे मीटिंग आहे. लोकांना वाटलं, पाण्याचा प्रश्न सुटणार. मी 'अहो, तसं नाही' म्हणेपर्यंत चारही खुर्च्या भरल्या होत्या. उरलेले दिवाणाच्या तीन पायांवर बसले.

"चौथ्या मजल्यावर सकाळी पाणी चढत नाही," एक गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी समोरचा नकाशा उचलला. "हा पाइपलाइनचा आहे का?"

"तो खाणीचा आहे."

"म्हणजे पाणी खाणीतून येतं? तरीच रंग असला!"

एका आजींनी विचारलं, "हे 'प्राणशक्ती बारा' म्हणजे काय? बारा वाजता सोडणार का?" सेक्रेटरींनी ते लिहूनही घेतलं. मी राक्षसाचं सांगायला लागलो तर कोणीतरी म्हणालं, साहेब विषयाला बगल देताहेत. हे सगळं चाललेलं असताना डॉक्टरांचा निरोप आला, कुणाचा तरी गाल सुजलाय, येता येत नाही. शिक्षिकाबाई दारापर्यंत आल्या, आतला आरडाओरडा ऐकून म्हणाल्या, "मारामारी असेल तर मी नाही असं म्हटलं होतं मी," आणि परत गेल्या. मेव्हणा आला. त्यानं नव्या आवृत्तीचं पुस्तक चाळलं, "हे तर जुन्यासारखंच आहे," म्हणाला, बिस्किटं खाल्ली आणि गर्दीबरोबरच बाहेर पडला. जाताना सेक्रेटरी खुर्च्याही घेऊन गेले. मीटिंग संपली होती. एक तेवढी रिकामी होताच मी तिच्यावर बसलो होतो म्हणून राहिली.

मी त्या एका खुर्चीवर बसून राहिलो. चादरीवर बिस्किटांचा चुरा होता. खाणीच्या नकाशावर कोणीतरी निळ्या शाईनं नवी पाण्याची टाकी काढली होती. मला वाटलं, पुरे. नवी आवृत्तीही नको आणि जुनीही नको. आपण उद्यापासून फक्त पाण्याच्या तक्रारी ऐकाव्यात. तिथं निदान लोक स्वतःहून येतात.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच, वाकलेले गृहस्थ उभे होते. केस नीट बसवलेले, हातात घडीची छत्री. "उशीर झाला," ते म्हणाले. "दोनदा खालूनच परत गेलो. गर्दी दिसली. मला वाटलं, तुम्हाला पुरेशी माणसं मिळाली."

हवामानवाले. मी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः तीन पायांच्या दिवाणावर तोल सांभाळून बसलो. चाचणीला चार लागतात आणि आपण एकच आहात, हे सांगायला तोंड उघडलं. पण ते पेन्सिलीला टोक काढत होते. इतकं मन लावून मी कुणाला टोक काढताना पाहिलं नाही. मी त्यांना तिरंदाजाचं पात्र दिलं आणि सूत्रधाराच्या आवाजात सुरुवात केली.

"तुम्ही एका सराईच्या दारात उभे आहात. दिवस मावळतोय. थंडी आहे."

"कोरडी की दमट?"

"कोरडी."

"म्हणजे आकाश मोकळं असणार," ते समाधानानं म्हणाले. "मी आत जातो."

"आत शेगडी पेटलेली आहे. सराईवाला पुढं येऊन म्हणतो, 'उत्तरेकडच्या खाणीतल्या शापाबद्दल ऐकलंत का?'"

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "असं कसं म्हणेल तो? माणूस लांबून चालत आलाय. आधी बसा म्हणेल ना?"

माझ्या पुस्तिकेत सराईला दोनच ओळी होत्या. सराईवाला खाणीची माहिती देतो. खेळाडू निघतात. पण खेळाडूच निघायला तयार नसेल तर सूत्रधार काय करणार?

"सराईवाला म्हणतो, 'बसा. दमलात का?'"

"दमलोय," ते म्हणाले, आणि खरोखरच मागं टेकले. "पूर्वी यायचो मी इथं. बायकोबरोबर."

माझ्या कागदांप्रमाणे तिरंदाज अविवाहित होता. पण मी म्हटलं, "बरं."

"ती जाऊन बराच काळ झाला. सराईवाल्याला आठवत असेल का ती?"

नव्या आवृत्तीत याला नियम आहे. कुणाला काही आठवतं की नाही हे फासे टाकून ठरवायचं. नियम चांगला आहे, मला स्वतःला आवडला होता. मी फासे उचलले. समोर हवामानवाले माझ्या मुठीकडे बघत होते. दान वाईट पडलं असतं तर सराईवाला म्हणाला असता, 'नाही बुवा, रोज इतके लोक येतात.'

मी फासे बशीत ठेवून दिले. "आठवते," मी म्हणालो. "चांगली आठवते."

"काय आठवतं त्याला?"

"शेगडीच्या जवळची जागा धरायच्या त्या. आणि..." मला पुढचं सुचेना.

"आणि सूप गार आहे म्हणायची," ते म्हणाले.

"दर वेळी!" सराईवाला म्हणाला. "उकळतं आणून दिलं तरी!"

हवामानवाले हसले. हसताना त्यांचे डोळे पाणावले, ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं टिपले. मग ते सूप प्यायले, म्हणजे मी केलेला चहा. मग सराईवाल्याला त्यांनी सगळं विचारलं. गिऱ्हाईक कसं आहे, छप्पर गळतं का, लाकडं कुठून आणता. मी उत्तरं देत गेलो. बाहेर उजेड उतरत आला तरी तिरंदाज उठला नव्हता आणि धनुष्य खुंटीवरून खाली आलं नव्हतं.

"आणि तुम्ही?" त्यांनी मध्येच विचारलं. "एवढी सराई, आणि एकटेच दिसताय."

"मालकीणबाई मुलीकडे गेल्यात," सराईवाला म्हणाला. "नातू आहे."

"येणार कधी?"

"तो पळायचा थांबला की."

"मुलं पळायची थांबत नाहीत हो."

"ते माहीत आहे सराईवाल्याला," मी म्हणालो. आपला आवाज बदललाय हे मला बोलून झाल्यावर कळलं. सूत्रधाराचा नव्हता तो, आणि सराईवाल्याचाही नव्हता.

हवामानवाल्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "खोली आहे का रिकामी? आज पुढं जात नाही मी. खाण काय, कुठं पळून जातेय?"

सोमवारी परवाना विभागाच्या बाईंचा फोन आला. "चाचणी झाली का, सर?"

"झाली."

"खेळाडू किती होते?"

"एक."

"चार लागतात, सर."

"लागतात. म्हणून परवाना राहू द्या."

"अर्ज मागं घ्यायचा तर कारण लागतं. काय लिहू? खेळाडू मिळाले नाहीत?"

"नाही नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "मिळाला. लिहा, एक मिळाला."

"तसा पर्याय नाहीये, सर," त्या म्हणाल्या, पण या वेळचा 'सर' बरा होता.

फळी गेली. दुकानदारानं 'अधूनमधून येत जा' म्हटलं, ते गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हटलं. दिवाणाला चौथा पाय बसला, तो इतर तिघांपेक्षा उंच आहे. मी सध्या एक नवी पुस्तिका लिहितोय. ती कुठल्याच आवृत्तीची नाही. तिला दोनच माणसं लागतात, एक सराईवाला आणि एक पाहुणा, आणि फासे टाकायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. फोनवरूनही खेळता येते. नकाशांतून बोटानं फिरणाऱ्या त्या बाईंना मी तसं कळवलं आहे. त्या म्हणाल्या, विचार करते. मग लगेच म्हणाल्या, पाहुणी मी होईन, घर आवरलेलं नाही. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नुसत्या गप्पा?" मी म्हटलं, हो. "त्याला पुस्तक कशाला लागतं?" तिनं विचारलं.

पहिला खर्डा हवामानवाल्यांना वाचायला दिला. दुसऱ्या रविवारी ते आले, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि कागद माझ्यापुढं केले. एका जागी त्यांनी पेन्सिलीनं गोल केला होता.

"पाहुण्याच्या खोलीला खिडकी दिलीत," ते म्हणाले. "कुठल्या दिशेला आहे?"

"ते ठरवलं नाही."

"मग ठरवा ना," ते खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "मला झोपायचंय तिथं."